मंद्रूपपर्यंतची धावपट्टी

माझी सून वैजयंती बार्शीची. तिचे वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते, म्हणून लग्नात तिच्याबरोबर भांडी कमी आणि पुस्तकं जास्त आली. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांना जागा कुठली? ती धान्याच्या डब्यांवर रचली. ज्वारी काढायची म्हटलं की आधी पुस्तकं उतरवायची. मी मंद्रूपच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्यातलंही निम्मं वर्ष शेंगा काढण्यात गेलं. त्यामुळं पुस्तकांचा मला कधी राग नव्हता, पण दळण करायच्या दिवशी थोडा यायचा.

तिचा विषय फिजिक्स. ते काय असतं, असं मी ती नवी असतानाच विचारून घेतलं होतं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ती म्हणाली, "आत्या, वस्तू का पडते, किती जोरात पडते, कशानं थांबते, असलं सगळं."

"एवढ्यासाठी कॉलेजात जायला लागतंय? आमच्यात वस्तू पडली की आवाज येतोय."

ती हसली. तेव्हा तिचं हसणं मोठं होतं. भिंतीपलीकडनं शेजारची बसव्वा ओरडून विचारायची, "काय झालं वो तुमच्यात? आमालाबी सांगा की!"

लग्नानंतर ती एका खाजगी क्लासला शिकवायला जायची. स्कूटीवर जायची, यायची, हाताला खडू लागलेला असायचा, त्याच हातानं कणीक मळायला बसायची आणि मी ओरडायची. मग उर्वीच्या वेळेला दिवस गेले. पोट दिसायला लागलं आणि एक दिवस ती म्हणाली, "मी क्लास सोडला." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण कुणी विचारलं नाही, ते समोर दिसतच होतं.

उर्वी झाली, चालायला लागली, शाळेत गेली, आता आठवीत आहे. वैजयंती काही परत गेली नाही. कुणी म्हटलं की सांगायची, "आता विसरले सगळं." विसरली कुठली! गल्लीतली पोरं गणितं घेऊन यायची, ती भाकरी थापता थापता तोंडानंच सोडवून द्यायची. एक मात्र होतं. एका वेळी एकच पोरगं. दुसरं आलं की म्हणायची, "तू उद्या ये." मला वाटायचं, तव्यावर भाकरी असते, दोन-दोन पोरं कशी सांभाळणार.

माझा मुलगा अमृत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. यंदा मालकानं कारखाना उचलला आणि दुसऱ्या गावी नेला. यंत्रं गेली, माणसं इथंच राहिली. अमृत रोज सकाळी आंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि खुर्चीत बसतो. पेपर वाचून झाला की परत पहिल्या पानापासून वाचतो. आधी बोलका होता. आता चहा दिला तरी "ठेव" एवढंच. घरात कर्ता माणूस गप्प झाला की भांड्यांचासुद्धा आवाज जास्त येतो.

अशात बसव्वाच्या भाचीनं निरोप आणला की सात रस्त्याकडच्या एका क्लासला अकरावीसाठी फिजिक्सच्या बाई पाहिजेत. क्लासवाले वेणीमाधव सर. वैजयंतीनं निरोप ऐकला, आणि संध्याकाळी सगळे बसलेले असताना म्हणाली, "मी फोन करते."

अमृत पेपरातनं बघून म्हणाला, "जमेल का आता? इतक्या वर्षांनी?"

"बघते."

सर फोनवर म्हणाले, आधी डेमो द्या. डेमो म्हणजे खऱ्या पोरांपुढं तासभर शिकवून दाखवायचं आणि सर मागं बसून बघणार. मला ते मुलगी बघायला येण्यासारखंच वाटलं, फक्त पोहे नाहीत. वैजयंती "हो सर, हो सर" करत होती. मग सर काहीतरी बोलले आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला. फोन ठेवला तरी हात तसाच कानाशी.

"काय म्हनले गं?"

"विषय दिला त्यांनी. गतीची समीकरणं. म्हणाले, विमानाच्या उड्डाणाचं गणित घ्या, पोरांना आवडतं."

"मग? येत न्हाय व्हय तुला?"

"येतंय, आत्या," ती म्हणाली. पण ते 'येतंय' काही चांगलं ऐकू आलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे, काळीभोर. तिच्यावर खडू चांगला उठतो. दुपारी अमृत बाहेरच्या खोलीत आडवा झाला की वैजयंती फरशीवर लिहायला बसायची. मी शेंगा फोडत बसायची. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही वर्ग व्हा."

"होते की. पन मी मागच्या बाकावर बसनार."

तिनं एक लांब रेघ मारली. ती धावपट्टी. रेघेच्या एका टोकाला विमान काढलं, ते मला वांग्यासारखं दिसलं, पण मी वर्ग होते म्हणून गप्प बसले.

"विमान धावपट्टीच्या टोकाला उभं आहे. म्हणून त्याचा सुरुवातीचा वेग शून्य."

"आत लोकं बसल्यात?"

"बसलेत. पण गणितात लोकांचं काही नाही, आत्या."

"न्हाय कसं? त्यांच्यासाठीच उडतंय की ते."

"बरं, बसलेत. आता विमान निघालं. एकदम जोरात नाही निघत. पहिल्या सेकंदाला वेग दीड, दुसऱ्या सेकंदाला तीन, तिसऱ्याला साडेचार. असा वाढत जातो. वाढता वाढता वेग एवढा झाला पाहिजे की पंख त्याला उचलतील. तेवढा व्हायच्या आत धावपट्टी संपली तर?"

"तर कुंपनात."

"म्हणून धावपट्टी किती लांब पाहिजे, ते आधी काढायचं. वेळ माहीत नाही, पण सुरुवातीचा वेग माहीत आहे, शेवटचा माहीत आहे, दर सेकंदाला किती वाढतो ते माहीत आहे. मग हे समीकरण." आणि तिनं लिहिलं, तोंडानं म्हणत म्हणत, व्हीचा वर्ग बरोबर यूचा वर्ग अधिक दोन ए एस. पूजेला गुरुजी संकल्प सांगतात तसं मला ते ऐकू आलं. पाणी कधी सोडायचं तेवढं कळलं की पुरे.

"उडायला वेग पाहिजे ताशी दोनशे सत्तर किलोमीटर," ती म्हणाली, दोनशे सत्तर लिहिलं, आणि थांबली.

रोज तिथंच थांबायची. विमान निघायचं, वेग वाढायचा, समीकरण व्हायचं, दोनशे सत्तर आले की खडू फरशीला टेकलेला तसाच राहायचा. मग ती ओल्या फडक्यानं सगळं पुसायची आणि परत वांगं काढायची. मी दोन-तीन दुपारी बघितलं. मग म्हटलं, "बाई गं, ह्या दोनशे सत्तरात काय मेलंय का?"

तिनं बाहेरच्या खोलीकडं बघितलं. अमृत घोरत होता. तेव्हा तिनं सांगितलं.

हेच गणित. उर्वी पोटात असताना, जुन्या क्लासमध्ये. वेग दर सेकंदाला वाढतोय म्हटल्यावर किलोमीटर-तासाचं मीटर-सेकंद करून घ्यायचं असतं, हे तिला झोपेतसुद्धा येत होतं. त्या दिवशी मात्र तिनं दोनशे सत्तरचा तसाच वर्ग केला, दीडच्या दुपटीनं, तीननं भागलं, आणि उत्तर आलं चोवीस हजार तीनशे मीटर. खाली दोन रेघा मारल्या आणि वळली.

"मागचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, हे विमान होटगी रोडच्या विमानतळावर सुरू झालं तर मंद्रूपला जाऊन उडंल."

मी शेंग फोडायची थांबले.

"सगळा वर्ग हसला. मीही हसले असते तर तिथंच मिटलं असतं, आत्या. मी फळा पुसला आणि पुढचं गणित घेतलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एस.टी. काढलेली, तिला पंख, वर पाटी, सोलापूर-मंद्रूप. मग मी मंद्रूप मॅडमच झाले. जिन्यात, स्कूटी लावताना, भाजी घेताना मागनं हळूच. फळ्यापुढं उभी राहिले की वाटायचं, आता मागं कुणीतरी तोंड उघडणार. मग जे येत होतं तेही चुकायला लागलं. क्लासवाले काही म्हणायच्या आत मीच सोडलं. इथं सगळ्यांना वाटलं, पोटामुळं. मीही वाटू दिलं."

आता माझं माहेर मंद्रूप. मी म्हटलं, "मंद्रूपला काय वाईट हाय गं? बाजारादिवशी उतरलं असतं तर आमच्या लोकांची वांगी विमानानं गेली असती."

ती हसली. ते जुनं, मोठं हसणं, अर्धं. मग पदर तोंडाशी नेला आणि रडायला लागली. मी परत शेंगा फोडायला घेतल्या. रडणाऱ्याकडं बघत बसलं की त्याला लवकर थांबावं लागतं.

थोड्या वेळानं विचारलं, "बरोबर केलं तर किती येतंय?"

"सेकंदाला पंच्याहत्तर मीटर होतात. मग पंच्याहत्तरचा वर्ग, भागिले तीन. अठराशे पंच्याहत्तर मीटर. दोन किलोमीटरच्या आत."

"म्हंजे हितनं स्टेशनपर्यंत बी पुरतं न्हाय."

"नाही," ती म्हणाली, आणि नाक पुसून परत खडू घेतला.

डेमोच्या दिवशी म्हणाली, "आत्या, तुम्ही चला." अमृत कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आईला कशाला नेतीस? लोक काय म्हणतील, सासूला बॉडीगार्ड आणलंय?" मी म्हटलं, "म्हनू दे. त्या निमित्तानं सात रस्ता तरी बघीन." रिक्षात तिनं माझा हात धरला होता, असा घट्ट की बांगड्या रुतल्या.

क्लास दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे मोठमोठे फोटो, सगळी एकसारखी हसणारी. वेणीमाधव सरांनी मला बघून उठून नमस्कार केला, बाहेर बाकावर बसवलं, पाणी मागवलं. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हांला तसं वाटायची शक्यता आहे. वर्ग एवढा भरला होता की दार लावता येत नव्हतं, म्हणून मला आतलं सगळं दिसत होतं.

वैजयंती पांढऱ्या फळ्यापुढं उभी राहिली. आता खडू नसतो म्हणे, मार्कर. तिनं धावपट्टी काढली, विमान काढलं, तेच वांगं, आणि आवाज सुरुवातीला फुटेना पण मग फुटला. विमान उभं आहे, वेग शून्य. निघालं, वाढतंय. पोरं लिहून घेत होती. मागच्या बाकावर बसलेल्या सरांनी मान डोलावली ती मी बघितली. ती म्हणाली, "उडायचा वेग ताशी दोनशे सत्तर किलोमीटर," आणि तिनं ते लिहिलं.

आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "एकक बदला, नाहीतर मंद्रूप!"

मला वाटलं, माझ्याच कानाला काहीतरी झालं. पोरं हसत होती, बाकांवर हात वाजवत होती. सरही हसत होते. ते मागनं म्हणाले, "मॅडम, घाबरू नका, आमच्याकडं हे पाठच करून घेतलंय. एक जुनी गोष्ट आहे, सोलापुरातले सगळे सर सांगतात. कुणीतरी मॅडम होत्या, त्यांचं विमान मंद्रूपला गेलं. तेव्हापासून पोरं एकक विसरत नाहीत."

तिची पाठ वर्गाकडं होती, तोंड फळ्याकडं. मार्कर हवेत. मला बाकावरनं उठावंसं वाटलं. मनात म्हटलं, आता ही फळा पुसणार, बाहेर येणार, आणि आम्ही रिक्षा शोधणार.

ती वळली. म्हणाली, "ही गोष्ट तुम्हांला कुणी सांगितली?"

"सरांनी!"

"सरांना कुणी सांगितली?"

पोरं सरांकडं बघायला लागली. सर म्हणाले, "अहो, अशा गोष्टींना काय धनी असतो?"

"असतो," वैजयंती म्हणाली. "ती बाई मी."

मघाशी बाक वाजवणारे हात जागच्या जागी राहिले. कुणीतरी खुसकन हसलं आणि गप्प झालं. एका पोरानं खिशातनं फोन काढलेला मला दारातनं दिसला, तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

ती फळ्याकडं वळली आणि तिनं चुकलेलं गणित पहिल्यापासून लिहिलं. दोनशे सत्तरचा वर्ग, भागिले तीन, चोवीस हजार तीनशे. खाली दोन रेघा मारल्या. मग म्हणाली, "चूक कुठं झाली ते तुम्हांला पाठ आहे. मला दुसरं सांगा. एवढं मोठं उत्तर समोर आलं, तरी मला ते चुकलंय असं कळलं कसं नाही?"

पुढच्या बाकावर सोनम नावाची एक मुलगी होती, बारीक, चष्मा लावलेली. तिचं नाव मला नंतर कळलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही घाबरला होता का?"

"नाही गं. तेव्हा मी कुणाला घाबरत नव्हते. मी उत्तराकडं बघितलंच नाही. आकडा आला, दोन रेघा मारल्या. रेघा मारल्या की गणित संपलं, अशी आपल्याला शाळेपासून सवय. ही धावपट्टी खरी कुठं करता येईल का, तिच्या मध्ये किती शेतं येतील, किती गावं येतील, एवढा विचार जरी केला असता तरी कळलं असतं. एकक पाठ करा. पण आकडा आला की रेघा मारायच्या आधी त्याच्याकडं एकदा बघा."

सोनम म्हणाली, "मग पुढं तुम्ही काय केलं?"

"शिकवणं सोडलं," वैजयंती म्हणाली. "चला, आता बरोबर गणित करू."

आणि तिनं केलं. पंच्याहत्तर, अठराशे पंच्याहत्तर. पण वर्गात आधीचा आवाज परत आला नाही. पोरं एकमेकांकडं बघत होती, आपण हसायचं की नाही, अशी.

तास संपल्यावर सर बाहेर आले. माझ्यासमोरच बोलले, लपवून नाही. "मॅडम, तुम्हांला शिकवता येतं. पण हे सांगायची काय गरज होती? माझ्याकडं पालक येतात, ते बाईंच्या चुका ऐकायला फी भरत नाहीत. उद्या पोरं घरी जाऊन हेच सांगणार."

वैजयंती म्हणाली, "सर, माझी चूक तुम्ही दरवर्षी शिकवता. ती तुम्हांला चालते."

"ती गोष्ट आहे, मॅडम. तुम्ही माणूस आहात. गोष्टीला कुणी प्रश्न विचारत नाही."

वैजयंतीनं मार्कर त्यांच्या हातात दिला. सर म्हणाले, "कळवतो," आणि आम्ही खाली आलो. जिन्यातले फोटो तसेच हसत होते.

त्या पोरानं फोनवर सगळं घेतलं होतं. ते गावभर फिरलं. आमच्यात पहिल्यांदा आलं ते अमृतच्या फोनवर, कारखान्यातल्या जुन्या सोबत्यानं पाठवलेलं. खाली लिहिलेलं, "वहिनी का रे ह्या?"

अमृत फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कितीतरी महिन्यांनी तो आवाज चढवून बोलला. "हे काय आहे? सरळ शिकवायचं, यायचं. कशाला सांगायचं होतं? माझं एक गावभर झालंय ते कमी होतं का?"

"तुमचं काय गावभर झालंय?" वैजयंती म्हणाली. "कारखाना गेला. तुम्ही काय चुकलात त्यात?"

"लोकांना काय त्याचं! घरात बसलेला माणूस म्हणजे घरात बसलेला माणूस."

"मग मीही बसलेच होते की. इतकी वर्षं."

उर्वी कोपऱ्यात वही धरून बसली होती. म्हणाली, "आई, आमच्या शाळेतपण आलाय तो व्हिडिओ." कुणाची बाजू घेऊन नाही, नुसतं सांगितलं. बसव्वानं भिंतीपलीकडनं विचारलं नाही, काय झालं वो. तिलाही आला असणार.

मग वाट बघणं. वैजयंती कामं करायची, पण फोन वाजला की हातातलं भांडं ठेवायची. गॅसवाल्याचा, बँकेचा, नणंदेचा. पेठेत भाजीला गेली की डोक्यावरनं पदर घ्यायला लागली, जो तिनं लग्नातसुद्धा टिकवला नव्हता. एकदा मला म्हणाली, "आत्या, तेव्हा फक्त नाव फिरत होतं. आता तोंडसुद्धा फिरतंय." मी म्हटलं, "तोंड चांगलं हाय की तुजं." ती काही हसली नाही, आणि माझंही चुकलंच, सगळ्या दुखण्याला चेष्टेचा लेप चालत नाही.

फोन आला तो दुपारचा. सरांनी वेगळंच काढलं होतं. त्यांच्याकडं डाउटचं टेबल असतं म्हणे. मुख्य तास दुसरे सर घेतात, आणि ज्याला अडलं तो पोरगा नंतर येतो, बाजूच्या खोलीत, एकेकटा. तिथं बसायचं आणि सोडवून द्यायचं. फळा नाही, वर्ग नाही.

अमृत ऐकत होता. ह्या वेळी बरंच सौम्य बोलला. "घे की. बसून काम आहे. कुणी हसणार नाही."

मलाही मनातनं तेच वाटलं. घरात कुणाचं तरी काहीतरी सुरू व्हायला पाहिजे होतं, आणि एका वेळी एक पोरगं हे तर ती चुलीपाशीसुद्धा करत होती.

ती म्हणाली, "कुणी हसणार नाही, म्हणूनच नको वाटतंय."

"म्हणजे?" अमृतला कळेना.

"तिथं बसले तर मग मी कायम तिथंच. आता सगळ्यांना माहीत झालंय ना? मग लपायचं कशाला? ह्या वेळीही मी फळा सोडून बाजूला गेले तर खरंच मंद्रूपला गेले."

अमृत म्हणाला, "आणि सर वर्ग द्यायला नाही म्हणाले तर?"

ती खाली बसली, तांदूळ निवडायला घेतले, खडा एक सापडला नाही तरी निवडत राहिली. मग उठून तिनंच सरांना फोन लावला. "सर, टेबलावर मी बसते. पण आठवड्यातनं एक तास मला फळ्यावर द्या. कुठलाही द्या."

सर म्हणाले, शनिवारी दुपारचा तास देतो, त्याला तशीही पोरं कमी असतात. पण एक अट. पोरं उठून जायला लागली, तर तास बंद आणि टेबलसुद्धा.

"चालेल," ती म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडं बघितलं. "चालेल म्हटलं खरं, आत्या."

शनिवारी ती एकटी गेली. मला नेलं नाही, मीही विचारलं नाही. गेल्यापासनं मी उंबऱ्यावर बसून गवार मोडत होते. बसव्वा आली, बाजूला बसली, तिनं अर्धी गवार मोडली आणि काही न विचारता गेली. अमृत तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. काय म्हणे, हवा खायला. शनिवारी भर दुपारी सोलापुरात हवा!

वैजयंती आली ती उन्हानं लाल झालेली. चपला काढल्या, माठातलं पाणी प्याली, भांडं उपडं ठेवलं. मी आणि अमृत तिच्या तोंडाकडं बघत होतो, ती आमच्याकडं बघत नव्हती.

"अर्धी पोरं उठून गेली, आत्या."

"का गं?"

"दुसऱ्या हॉलला चाचणीची तयारी होती म्हणे. खरी होती का नव्हती, माहीत नाही. आधी दोघं उठले, मग बाक उठले."

"मग तू काय केलंस?"

"गणित अर्धं झालं होतं. राहिली त्यांना पुरं करून दिलं."

"सर?"

"दारात उभे होते. नंतर म्हणाले, पुढच्या शनिवारचं बघू."

अमृतनं विचारलं, "गेली ती पोरं हसली का?"

वैजयंतीनं डोळे मिटून आठवून बघितलं. "नाही. हसली नाहीत. नुसतीच गेली."

हे आधीच्यापेक्षा बरं का वाईट, ते तिला ठरवता येत नव्हतं, आणि मला तर नाहीच नाही. मी ताट वाढलं. गवारीची भाजी, भाकरी, शेंगाची चटणी. ती जेवायला बसली आणि दोन घास खाऊन अमृतला म्हणाली, "राहिलेल्यांत ती चष्मा लावलेली सोनम होती. तिला ब्रेकचं गणित पाहिजे पुढच्या वेळी. विमान उतरल्यावर थांबतं कसं, ते."

"मग?" अमृत म्हणाला.

"मग काय. तयारी करायला पाहिजे," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी मागितली.